बार्टेरिया फिस्टुलोसाभोवतीची जमीन मोकळी का असते?

प्रश्न: मध्य आफ्रिकेच्या सदाहरित वर्षावनात उंच वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या लहान वृक्षाभोवती इतर रोपे का दिसत नाहीत?

पहिले उत्तर: कृष्णकमळाच्या कुळातील या वृक्षाच्या आडव्या फांद्या फुगीर व पोकळ असतात, त्यांत राहणाऱ्या टेट्रापोनेरा मुंग्या पाने खाणाऱ्या प्राण्यांवर तुटून पडतातच, शिवाय खोडाभोवती उगवणारी रोपे आणि वर चढणारे वेलही कुरतडून टाकतात. त्यांचा दंश अत्यंत वेदनादायक असल्यामुळे माणसेही झाडाला वळसा घालतात.

दुसरे उत्तर: पानांच्या बगलेतील पांढरी फुले ही ओळखीची खूण आहेच; तरी माझ्या मते पोकळ फांद्या अधिक भरवशाच्या, कारण त्या बारमाही दिसतात.

तिसरे उत्तर: त्याच पोकळीत मुंग्या खवले कीटकही (झाडाचा रस शोषणारे छोटे कीटक) सांभाळतात.