कानबाईची गाणी घरी रेकॉर्ड करायची आहेत: खोली घुमते, आवाज तालाच्या मागे पडतो

बोरीकाठ (अमळनेर)
राम राम मंडळी. श्रावणाच्या आत कानबाईची (आमच्या खान्देशात श्रावणात बसते ती देवी) अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवायची आहेत. गल्लीतल्या पाच जणी आहेत, एक गाणं सांगणारी आणि चौघी झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या. ढोलकी नंतर वरून भरायची. सामान म्हणजे दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक टिपणारा), एक डायनॅमिक माइक (जवळचं टिपणारा), लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली १० बाय १२, वर स्लॅब, खाली टाइल्स. भिंतींना एक इंची फोम चिकटवला, तर घुमणं थांबलं नाहीच, उलट डब्यात तोंड घालून गायल्यासारखं येतं. कूलर बंद केला तर बाया बसत नाहीत, चालू ठेवला तर मागे घरघर. आणि नमुन्याचा ट्रॅक कानात ऐकत गायलं की आवाज तालाच्या किंचित मागे पडतो. आधी कशाला हात घालू?

वाघूर_साउंड (जळगाव)
आधी खोली. घोळ फोमनेच केलाय भाऊ. एक इंची फोम हजार-दीड हजार हर्ट्झच्या वरचंच नीट गिळतो. २५० हर्ट्झची लाट असते जवळपास १.४ मीटर लांब, तिला अडीच सेंटिमीटरचा फोम काय अडवणार? म्हणजे आवाजातली चकाकी गेली आणि घूम तशीच राहिली. डबा वाटतो तो त्यामुळे. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कोणी दिला तर तोही सोडा.

आपल्याकडे कापसाच्या गाद्यांना तोटा नाही. चार इंची दोन-तीन गाद्या उभ्या करा, पण भिंतीला चिकटवू नका, मागे चार-सहा इंच पोकळी ठेवा. पोकळीमुळे खालचे स्वरही बऱ्यापैकी शोषले जातात. गाद्या कुठे लावायच्या हे जास्त महत्त्वाचं: गाणाऱ्याच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर गाणारीचं तोंड असतं, तसंच तिच्या पाठीमागची भिंतही. लोक माइकच्या मागची भिंत सजवतात आणि ही उघडी ठेवतात. खाली सतरंजीवर दोन गोधड्या. डोक्यावर दोरी बांधून एक जाड गोधडी ताणली तर स्लॅब आणि टाइल्समध्ये होणारी टणटण तुटते. खोलीच्या बरोब्बर मधोमध बसवू नका, लांबीच्या एक तृतीयांशावर बसवा.

माइक असे: सांगणारीला डायनॅमिक, तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटर, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'भ' चे फटके बसत नाहीत. झील धरणाऱ्या चौघी अर्धवर्तुळात, कंडेन्सरपासून मीटरभर, माइक तोंडापेक्षा वीतभर उंच. डायनॅमिकची पाठ चौघींकडे करा, कार्डिऑइड पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. दोन माइकमधलं अंतर हे माइक ते तोंड या अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर तोच आवाज दोन्हीकडे थोडा पुढे-मागे पोचतो आणि मिक्समध्ये पोकळ होतो. कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) चालू. लेव्हल २४ बिटला, सगळ्यात मोठ्या आरोळीला -१० ते -८ डीबी. शून्याच्या (तिथे आवाज फाटतो) जवळ नेऊन काही मिळत नाही. कानबाईच्या गाण्यात बाया रंगात आल्या की शेवटच्या कडव्याला आवाज चढतोच, तेवढी जागा राहू द्या.

तापीवाला (भुसावळ)
कूलरला गेट लावा की, ठरावीक पातळीखालचा आवाज तो बंद करतो. थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, -४५ डीबी, विषय संपला.

वाघूर_साउंड (जळगाव)
नाही संपत. गेट बंद असतो तेव्हाच घरघर जाते. बाई गायला लागली की गेट उघडतो आणि आवाजासोबत कूलरही आत येतो. नुसता कूलर एकसारखा चालला तर कान सवय करून घेतो, चालू-बंद झाला तर प्रत्येक ओळीला टोचतो.

रेकॉर्डिंगला कूलर बंदच हवा. पहाटे पाच ते सात बसा, गाणं कडव्याकडव्याने घ्या, मधल्या वेळात कूलर. पण कूलरच्या वाऱ्यात कंडेन्सर ठेवू नका. ओल कॅप्सूलवर बसली की चरचर, फटफट सुरू होते, आणि लोक केबल बदलत बसतात. काम झालं की डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. थोडा पंखा राहिलाच तर रीपरच्या रीआफिर या प्लगिनमध्ये सबट्रॅक्ट (नॉइज वजा करणारा) मोड: नॉइज प्रोफाइलची टिक लावून चार-पाच सेकंद नुसता पंखा ऐकवा, मग टिक काढा. टिक राहिली तर तो आवाजालाच नॉइज समजून खात सुटतो. जास्त ओढलं की पाण्याखालून गायल्यासारखं होतं.

पांझरा४८के (धुळे)
मागे पडण्याचं सांगतो. ब्लूटूथचे हेडफोन असतील तर पहिले काढा, ते शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज उशिरा वाजतात. वायरचे, कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर ट्रॅक माइकमध्ये गळतो.

मग ड्रायव्हर. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाका. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे देतो तो) म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. हे फक्त एका बाजूचं, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर कन्व्हर्टरचा वेळ. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून (लॅपटॉपमध्ये न जाता थेट कानात) द्या आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू असले की स्वतःचा आवाज दुहेरी येतो आणि माणूस बिचकून गातो.

तरीही मागे पडत असेल तर ड्रायव्हर रीपरला चुकीचा उशीर सांगतोय. तपासा: हेडफोन-स्पीकर काढून आउटपुट १ ची केबल सरळ इनपुट १ मध्ये लावा, फँटम बंद, मॉनिटरिंगही बंद. एका ट्रॅकवर टिकटिक वाजवा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. झूम करून दोन्ही टिकांमधला फरक सॅम्पलमध्ये मोजा, तो प्रेफरन्सेस > रेकॉर्डिंगमध्ये इनपुट मॅन्युअल ऑफसेटला भरा आणि परत टिकटिक घ्या. दोन्ही एकावर एक बसल्या की झालं.

बोरीकाठ (अमळनेर)
खूप आभार. ब्लूटूथच होता! आता एक राहिलं. बाया क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) गात नाहीत, हळूहळू लय वाढते. ढोलकी कशी बसवायची?

तोरणमाळ_टेप (नंदुरबार)
क्लिक द्यायचाच नाही. ती गाणी लय वाढण्यासाठीच आहेत, क्लिकवर बसवली तर शाळेतली कविता होते. ढोलकीवाला हाताशी असेल तर गाणं पूर्ण रेकॉर्ड झाल्यावर त्याला तेच कानात देऊन वाजवू द्या, एवढंच. सॅम्पलची (आधीच रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांची) ढोलकी भरायची असेल तर मात्र रीपरच्या जाळीला (ग्रिड, म्हणजे मात्रांच्या रेघा) गाण्यामागे न्यावं लागतं.

सुरुवात इथून, नाहीतर सगळं विस्कटेल: ऑल्ट+एंटरने प्रोजेक्ट सेटिंग उघडून आयटमचा टाइमबेस 'टाइम' करा. मूळ सेटिंग 'बीट्स' असतं, त्यात टेम्पो बदलला की रेकॉर्ड केलेला आवाजही ताणला जातो. मग पहिल्या समेपासून पुढच्या समेपर्यंत सिलेक्शन करून 'क्रिएट मेजर फ्रॉम टाइम सिलेक्शन'. असं चार-चार आवर्तनांनी पुढे जा. प्रत्येक आवर्तनाला खूण मारलीत तर ढोलकी अडखळते. आणि ढोलकीचे ठोके जाळीवर १०० टक्के खेचू नका, ६०-७० पुरे.

पांझरा४८के (धुळे)
मिक्सचंही लिहून ठेवतो, पुढचा प्रश्न तोच येणार. आवाजाला ९० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास, ३०० च्या आसपास २-३ डीबी कमी. रीकॉम्प (रीपरचा कंप्रेसर, चढलेला आवाज दाबणारा) ३:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १००, काटा ४-५ डीबीच हलू द्या. हार्मोनियम घेतलीत तर ती बायकांच्या आवाजाच्याच पट्ट्यात बसते. तिला २ ते ३ किलोहर्ट्झला ३ डीबी खाली घ्या, आवाज वर ढकलण्यापेक्षा ते बरं. मास्टर मोनो करून एकदा ऐका. फोनवर, मांडवातल्या स्पीकरवर ते तसंच वाजणार आहे, आणि झील स्टिरिओ वाइडनरने फुगवली असेल तर तिथे ती गायब होते.

शेवटी लाउडनेस -१४ एलयूएफएसच्या (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) जवळ, ट्रू पीक (सगळ्यात उंच टोक) -१ डीबी. यूट्यूब यापेक्षा मोठं असेल तर खाली आणतं, पण लहान असेल तर वर उचलत नाही. चढवल्यावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' पाहा. कंटेंट लाउडनेस -६ डीबी दिसला तर गाणं इतरांपेक्षा तेवढं बारीक वाजतंय. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट काढा. एमपी३ वरून व्हिडिओ बनवू नका, यूट्यूब तिला परत एकदा पिळतं आणि टाळ-झांजा शिट्ट्या मारायला लागतात.