ड्राय नीडलिंगला ‘सुया टोचायचा धंदा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मुक्ता_फिजिओ:
परवा इथे एकाने लिहिलं, "ड्राय नीडलिंग ही अ‍ॅक्युपंक्चरची चोरी. व्यायाम करून घ्यायचा कंटाळा आला की फिजिओ सुया काढतात." वाचून संताप आला, म्हणून वेगळा धागा. ड्राय नीडलिंग म्हणजे औषध न भरलेली बारीक सुई दुखऱ्या स्नायूत घालणं.

चोरी कसली? जेनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या, त्या ट्रिगर पॉइंटमध्ये, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत, भुलीचं औषध टोचत. १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी मांडलं की बराचसा गुण नुसत्या सुईचाच येतो. यात अ‍ॅक्युपंक्चरमधले मेरिडियन, म्हणजे ऊर्जेच्या वाटा, नाहीत, ‘ची’ नावाची ऊर्जाही नाही. मी बोटांनी स्नायूतला ताठ पट्टा शोधते आणि सुई तिथेच घालते. जागा नेमकी लागली की स्नायू फडकतो आणि पेशंट म्हणतो, "हीच ती कळ." पुढचे एक-दोन दिवस तिथे ठणकतं, हे मी आधीच सांगते. आणि व्यायाम? सुईने दुखणं उतरतं तेवढ्या वेळातच मी तो करून घेते. एरवी मान वळतच नसलेला माणूस काय व्यायाम करणार?

सुईवाले_काका:
मुक्ताताई, सुई आमची अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचीच आहे. तीच बारीक, भरीव सुई. दुखेल तिथे टोचायचं हेही आमच्याकडे फार जुनं आहे, त्या जागांना ‘आ-शी’ म्हणतात. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तरी आम्हाला भोंदू ठरवलं जातं. तुम्ही मात्र शनिवार-रविवारची कार्यशाळा केली की शास्त्रशुद्ध. कॅलिफोर्नियात फिजिओंना हे करायची परवानगीच नाही, तेही लिहा की.

पाठदुखी_हिंजवडी:
वाद तुमचा चालू दे. माझा खांदा महिनोन्‌महिने धरला होता. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टाही लावला. सुया घेतल्यावर त्याच आठवड्यात शर्ट एकट्याने घालता आला. मला अजून पुरावा नको.

सई_नाशिक:
मला हवा आहे. माझ्या आईच्या खांद्यात सुई घातली आणि संध्याकाळी तिला धाप लागली. एक्स-रे काढला तर फुफ्फुसाभोवती हवा. रात्र आयसीयूत काढली. असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, सहीचा कागदही नव्हता. तुमचा खांदा सुटला, आनंद आहे. पण ‘मला गुण आला’ एवढ्यावर विषय संपत नाही.

मुक्ता_फिजिओ:
सईताई, हे वाईट झालं. ट्रॅपेझियसच्या, म्हणजे मान-खांद्याच्या स्नायूच्या, वरच्या भागात स्नायू चिमटीत उचलून, सुईचं टोक फुफ्फुसापासून दूर ठेवायचं असतं. शिवाय धोका सांगून संमती घ्यायलाच हवी. पण चूक त्या माणसाची आहे, पद्धतीची नाही.

निवृत्त_सर्जन:
त्या दारावर ‘डॉ.’ लिहिलं होतं का? खरा प्रश्न तोच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागे घेतलं. दबाव, दुसरं काय!

मुक्ता_फिजिओ:
सर, विषय सुईचा आहे. आणि निघालाच आहे तर ऐका. आमच्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या केंद्रीय आयोगाच्या अभ्यासक्रमातच आधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ (फिजिओथेरपिस्ट) असं सुचवलंय. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं शिकून आम्ही आलो आणि तुमच्या ओपीडीत आम्हाला ‘मालिशवाली’ म्हणतात. मी स्वतः ऐकलंय.

निवृत्त_सर्जन:
मी असं कुणालाही कधी म्हटलेलं नाही. पेशंटची फसगत होते एवढंच म्हणणं आहे.

लातूरचा_बीपीटी:
फसगत? आमच्या तालुक्यात अर्धांगवायूच्या पेशंटला चालतं कोण करतं? ऑपरेशन करून तुम्ही मोकळे होता सर. पुढचे सहा महिने घाम आम्ही गाळतो.

सुईवाले_काका:
आम्हाला तर दोघंही डॉक्टर मानत नाहीत.

सई_नाशिक:
तुम्ही सगळे पाटीवरून भांडताय. माझी आई ऑक्सिजनवर होती. पाटीवर काय लिहिलं होतं याने तिला काय फरक पडला असता?

निवृत्त_सर्जन:
बरोबर आहे तुमचं. मग पुराव्याचं बोलू. खोट्या सुईशी, म्हणजे नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या सुईशी, तुलना केलेल्या चाचण्यांमध्ये थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण बऱ्याच चाचण्या लहान आणि कच्च्या आहेत. सुई खरी की खोटी हे टोचणाऱ्यापासून लपवता येत नाही. लांबच्या पल्ल्यात व्यायामापेक्षा जास्त फायदा सिद्ध झालेला नाही.

मुक्ता_फिजिओ:
थोड्या काळाचा आराम तुम्ही मान्य केलात, मला तेवढाच हवा होता. लांबच्या पल्ल्याचा दावा मी कुठेही केलेला नाही, वर वाचा. काका, कार्यशाळांचं तुमचं म्हणणं मला आवडलं नाही, पण दोन दिवस शिकून कुणी छातीवर सुई घालू नये, हे मान्य.

सुईवाले_काका:
छातीवरच का? मानेवरही नको.

पाठदुखी_हिंजवडी:
मुक्ताताई, माझे वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. त्यांना चालेल का?

मुक्ता_फिजिओ:
त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मी तपासल्याशिवाय तर नाहीच.