६३५, एसईसी की ९२८? जुन्या जर्मन कूपे बाळगणाऱ्यांनो, अनुभव सांगा

मखरवाला

नमस्कार मंडळी. लुडविग्सबुर्गला येऊन १४ वर्षं झाली. घरासोबत एक गॅरेज मिळालंय, त्यात सध्या सायकली, मुलीचा जुना पाळणा आणि गणपतीचं मखर आहे. बायकोने सांगितलंय मखर हलणार नाही, बाकी काय हलवायचं ते हलव. म्हणजे एक गाडी बसते. एकच.

उमेदवार तीन. बीएमडब्ल्यू ६३५ सीएसआय, मर्सिडीज ५६० एसईसी आणि पोर्शे ९२८ एस४. तिन्ही ऐंशीच्या दशकातल्या, साधारण एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या, म्हणजे ज्याला सकाळी म्युनिकहून निघून संध्याकाळी मिलानला जेवायचंय आणि उतरल्यावर शर्टाला सुरकुती नको असा माणूस. मी तो माणूस नाही पण हौस आहे. यांची तुलना करणारे लेख इतके वाचलेत की हॉर्सपॉवर झोपेत सांगेन, २१८, ३००, ३२०. पण लेख लिहिणारा संध्याकाळी चावी परत देऊन घरी जातो. मला ज्यांच्या दारात ती सोमवारी सकाळी पण उभी असते त्यांच्याकडून ऐकायचंय. काय गंजलं, ट्यूफच्या म्हणजे इथल्या सक्तीच्या गाडी-तपासणीत काय अडलं, घरचे बसतात का, आणि विकली असेल तर का विकली. बाकीच्या कूपेवाल्यांनीही लिहा, धागा सगळ्यांचाच आहे.

इसारकाठ

आमच्याकडे १९८५ची ६३५ आहे. आमच्याकडे म्हणजे सासऱ्यांची होती, ते जर्मन, आयुष्यभर लेथवर काम केलेले, त्यांनी गाडी देताना चावीसोबत दोन पानी हस्तलिखित यादी दिली आणि म्हणाले आधी ही वाच मग चालव. यादीतला पहिला मुद्दा गंजाचा नव्हता. पहिला मुद्दा होता की दर वेळी ऑइल बदलताना व्हॉल्व्ह कव्हर उघडायचं आणि कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, तेल शिंपडणारी जी नळी असते तिचा पोकळ बोल्ट सैल झालाय का ते बघायचं. तो सुटला की कॅमला तेल मिळत नाही आणि बाहेरून काही कळतही नाही, गाडी मस्त चालत राहते आणि आत कॅम झिजत राहतो. एवढं सांभाळलं तर ते सहा सिलिंडरचं इंजिन तुमच्या नातवाला पण पुरेल. इंजिन ही या गाडीची काळजीच नाही.

काळजी पत्र्याची. पुढची मडगार्डं, जॅक लावायच्या जागा, सनरूफच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी. चुंबक घेऊन जा, जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे. माझ्या गाडीला सासऱ्यांनी ३० हिवाळ्यांत एकदाही मीठ लागू दिलं नाही, नोव्हेंबर ते मार्च ती झाकून असते, तरी डाव्या कमानीत बुडबुडे आलेच.

दुसरं म्हणजे ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका, पुढच्या चाकांकडचे रबरी बुश गेलेत. तिसरं, १९८२ नंतरच्या गाड्यांना ब्रेकचा बूस्टर हायड्रॉलिक आहे, त्याचा दाब साठवणारा गोळा असतो, त्याला सगळे बॉम्ब म्हणतात. तो मेला की ब्रेक पेडल दगडासारखं होतं. बघायला जाल तेव्हा इंजिन बंद करून पेडल आठ-दहा वेळा दाबून बघा, दुसऱ्या-तिसऱ्यालाच कडक झालं तर भाव पाडा. आणि मीटरच्या आत सर्व्हिसचे दिवे चालवायला छोट्या बॅटऱ्या सोल्डर केलेल्या असतात, त्या इतक्या वर्षांनी पाझरतात आणि मग आरपीएमचा काटा अंगात आल्यासारखा नाचतो. मी तो बोर्ड स्वतः बदलला, एक रविवार गेला.

टायरचं विसरलोच. मूळ चाकं ३९० मिलिमीटरची, इंचात नाहीच, म्हणून टायरही खास लागतात आणि एका सेटच्या पैशात आम्ही चौघं पुण्याला जाऊन येऊ. मी १६ इंची जुन्या काळची चाकं लावली. सासरे दोन आठवडे माझ्याशी फक्त हवामानावर बोलले.

पण संध्याकाळी टेगर्नसेच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये ४००० च्या वर तो जो आवाज येतो ना. आणि पुढून ते शार्कचं नाक. मला वाटतं तिघींत चालवणाऱ्याची गाडी हीच, बाकीच्या दोन बसणाऱ्याच्या आहेत. आता ९२८ वाले मारायला येतील.

उलटा दिवा

आलो मारायला. बसणाऱ्याची म्हणे!

पण त्याआधी कबुली देतो, ९२८ घ्यायची तर पैसे दोनदा ठेवावे लागतात, एकदा गाडीचे आणि तेवढेच पुन्हा. मी लेस्टरला राहतो, १९८७ची एस४, ऑटोमॅटिक. लोक म्हणतात ही पोर्शेच्याच ९११ला रिटायर करायला काढली होती. खरंच तसा बेत होता, नंतर ९११ राहिली आणि ही १९९५ला बंद झाली. १९७८ला युरोपची कार ऑफ द इयर झाली होती, स्पोर्ट्स कारला तो मान मिळालेली आजवरची ही एकटीच. तरी पेट्रोल पंपावर दर तिसरा माणूस विचारतो की ही खरंच पोर्शे आहे का.

पत्र्याची चिंता खूप कमी, सगळं झिंक चढवलेलं, दारं-बॉनेट-पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची, त्यामुळे इसारकाठ तुमचं चुंबक इथे पुढे कुठेच चिकटणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळी पुट्टीच आहे.

गंज नाही पण बेल्ट आहे. टाइमिंग बेल्ट दोन मीटरपेक्षा लांब, एस४ मध्ये तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खेळ खलास. किलोमीटर किती झालेत ते विचारू नका, बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला त्याचा कागद मागा, कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. आणि ऑटोमॅटिकला एक छुपं दुखणं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला, मध्ये लांब दांडा. म्हणून वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं आणि वळणात ही मोठी बाई इतकी समतोल. पण त्या दांड्याचा पुढचा क्लॅम्प सरकतो, दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पुढे ढकलत राहतो आणि त्याला जागेवर धरणारं थ्रस्ट बेअरिंग झिजतं. तो ताण अधूनमधून सोडवावा लागतो, तासाभराचं काम. माझ्या आधीच्या मालकाने २० वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मी क्रँकची हालचाल मोजून घेईपर्यंत मला दोन रात्री झोप नाही. वाचलो, मापात निघाली.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर निम्म्या भुतांचं कारण अर्थिंग. काच अर्ध्यात थांबते, पुढचे झोपलेले दिवे उभे करायला जावं तर एक उघडतो दुसरा नाही, वायपर स्वतःच्या मर्जीने. सगळे अर्थिंग पॉइंट घासून काढले, डावीकडच्या सीटच्या पायाखालचा फ्यूज बोर्ड साफ केला, ८० टक्के भुतं गेली. उरलेली आहेत, घरच्यासारखी.

स्टिअरिंग वरखाली केलं की सगळे मीटर सोबत हलतात हे मी पाहुण्यांना अजून दाखवतो. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार घालायला गेलो तर अडकवायला काहीच नाही, सगळं गुळगुळीत. मग दिवे उघडले आणि त्या दोन कानांना बांधला. शेजारच्या ब्रिटिश आजोबांनी फोटो काढून फ्रेम केलाय.

निवांत व्ही८

वरचे दोघं गाडी चालवतायत, मी प्रवास करतो. ऑफेनबाखला असतो, ५६० एसईसी, १९८८.

आधी आईचा किस्सा. आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली, एअरपोर्टवर पुढे बसवलं, दार लावून चावी फिरवली, आणि मागून तो यांत्रिक हात सीटबेल्ट घेऊन खांद्याजवळ हळूच आला. आई किंचाळली. तिला वाटलं मागे कोणीतरी बसलंय. आता मात्र प्रत्येक फोनवर विचारते, तो हात बरा आहे ना.

या गाडीला मधला खांब नाही, चारही काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी, उन्हाळ्यात ऱ्हाइनच्या काठाने ७० ने जायचं, इंजिन आहे की नाही कळत नाही. एसईसीत घाई करणं म्हणजे पंक्तीत बसून घड्याळ बघणं. फक्त ऑटोमॅटिकच मिळायची, वजन पावणेदोन टनाच्या आसपास, आणि तरी ऑटोबानवर ती १८० ला जी शांतता देते ती मला आजच्या नव्या गाड्यांत सापडत नाही.

आता गंमत संपली. मी फसलो होतो ते सांगतो. एका विक्रेत्याकडून घेतली, चकचकीत, नवा रंग, चामड्याला वास. दाराखाली प्लॅस्टिकचे मोठे पॅनल असतात ते मी काढून बघितले नाहीत, विक्रेता म्हणाला क्लिपा तुटतील. पुढच्या ट्यूफला तपासनीसाने काढले. क्लिपा तुटल्या नाहीत, जॅकची जागा मात्र हातात आली. दुसरी जागा मागची मोठी काच. तिच्या खालच्या कडेला गंज धरतो, पाणी डिकीत उतरतं, तुम्ही वर बघून म्हणता काय सुंदर गाडी आणि डिकीतल्या गालिच्याखाली तळं. वेल्डिंगला जे गेलं त्याचा आकडा बायको वाचते म्हणून लिहीत नाही.

इंजिन दणकट, पण चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते त्या वयाने कडक होऊन तुटतात. गार इंजिन सुरू करताना खुळखुळ्यासारखा आवाज दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर तिथेच नमस्कार करून निघा. सेंट्रल लॉकिंग हवेच्या नळ्यांवर चालतं, एक नळी तडकली की डिकी उघडायला प्रार्थना.

पैशाची एक चांगली बातमी, ३० वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ रूपात असेल तर नंबरप्लेटवर ऐतिहासिक गाडीचा एच मिळतो, मग साडेपाच लिटरचं इंजिन असलं तरी वर्षाचा कर १९१ युरो. पेट्रोल शहरात शंभराला १८ लिटर. टाकी ९० लिटरची आहे, ती भरताना मी आकड्यांकडे बघत नाही, आकाशाकडे बघतो.

पिंपरीकर

सगळं वाचलं, एक शंका. वर जेवढा खर्च सांगितलाय त्यात आमच्याकडे वाकडला वन बीएचकेचं डाउन पेमेंट होतं. हे लोक ठीक आहेत ना?

बाकी मर्सिडीजबद्दल आदर आहे. १९९५ला इथे टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात ई क्लास बनायला लागली तेव्हा आमच्या कॉलनीतली पोरं गेटबाहेर उभी राहायची.

उलटा दिवा

वन बीएचके वळणात झुकत नाही हो.

कारभारीण

मी वरच्यांपैकी एकाची बायको, कोणाची ते सांगत नाही. तिन्हीच्या मागच्या सीटवर बसलेली या धाग्यावरची बहुतेक मी एकटी, कारण हे सगळे संमेलनाला भेटतात आणि बायकांना मागे टाकतात. एसईसीत मागे दोन तास आरामात, पाय मोकळे, फक्त चढताना साडी नको. ६३५ मध्ये तासभर ठीक. ९२८ मध्ये मागे सीट नाहीत, दोन वाट्या आहेत, मध्ये तो दांडा जातो त्याचा डोंगर. मुलं दहा वर्षांची होईपर्यंत खूश होती, आता गुडघे कानाला लागतात. पण गंमत म्हणजे मागच्यांसाठी उन्हाच्या झडपा फक्त ९२८लाच दिल्यात. बसायला जागा नाही पण ऊन लागायला नको.

आणि मखरवाले, तुमच्या बायकोला माझा पाठिंबा आहे.

बारा पिस्टन

माझी यादीत नाही पण लिहितो, बीएमडब्ल्यू ८५० आय होती, १९९१ची, चार वर्षं ठेवून विकली. ६३५ची मोठी बहीण समजा, १९८९ला फ्रँकफर्टला दाखवली होती, १२ सिलिंडर. अडचण इतकीच की तिच्यात प्रत्येक गोष्ट दोन आहे. दोन इंजिन कॉम्प्युटर, दोन डिस्ट्रिब्यूटर, डिकीत दोन बॅटऱ्या. एक बाजू रुसली की गाडी सहा सिलिंडरवर चालत राहते आणि तुम्हाला वाटतं आज जरा आळसावलीये. माझ्या मेकॅनिकला कळेना कुठली बाजू, तो दोन्हीकडचे पार्ट बदलत गेला आणि दोन्हीकडची बिलं देत गेला. दिसायला अजून तिच्यासारखी कोणी नाही. विकली त्या दिवशी हलकं वाटलं, दुसऱ्या दिवसापासून जाहिराती बघतोय.

जर्सीचा काका

तुम्ही पोरं ऐंशीच्या दशकात अडकलायत. एसईसीच्या आधीची मर्सिडीजचीच एसएलसी कोणी का नाही विचारत? माझी ४५० एसएलसी १९७८ची, न्यू जर्सीत. उघड्या छताच्या एसएलचीच गाडी ३६ सेंटिमीटर लांब करून वर कायमचं छप्पर. त्याच वर्षी हिच्याच पाच लिटरवाल्या भावंडाने अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालणारी रॅली जिंकली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर! आणि लोक हिला ब्युटी पार्लरला जायची गाडी म्हणतात. मागच्या खिडकीत ज्या पट्ट्या दिसतात त्या दोन काचांच्या मध्ये आहेत, आत धूळ गेली की गेली. मी २२ वर्षं ती धूळ बघतोय. अमेरिकन बंपर मात्र मरण आहे, पुढे ओटा बांधल्यासारखा.

मखरवाला

सगळ्यांचे आभार, तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण गाड्या बघत फिरत होतो.

पहिली ९२८, फोर्त्सहाइमजवळ. रंग तो चॉकलेटी, मी जागेवर विरघळलो. बेल्टचा कागद मागितला. मालक म्हणाला आधीच्या मालकाने तोंडी सांगितलंय. उलटा दिवा, तुमचं वाक्य आठवलं आणि निघालो, पण गाडीत बसून त्याच्याकडून ते मीटर वरखाली मात्र तीनदा करून घेतलं.

मग एक ६३५, त्यात ब्रेक पेडल तिसऱ्या दाबाला दगड. मालकाला बॉम्ब म्हणालो तर तो एकदम गंभीर झाला, विमानतळावर नोकरीला होता.

आता हाइलब्रॉनला एक एसईसी आहे, १९८७, एकाच आजींच्या नावावर, बिलांची फाइल उशीएवढी जाड. गार इंजिन सुरू केलं, खुळखुळा एक सेकंद. पॅनल काढू का विचारलं तर आजी म्हणाल्या काढ की, मी कॉफी ठेवते. उजेड गेला होता म्हणून त्या दिवशी काढले नाहीत. शनिवारी सकाळी परत जातोय. निवांत, तुम्ही येऊ शकाल का? इसारकाठ तुम्हीही, चुंबक घेऊन.

इसारकाठ

येतो. शनिवारी पाऊस सांगितलाय, शक्य असेल तर रविवारी ठेवा, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही.

निवांत व्ही८

शनिवारीच. पाऊस पडू दे, मी आधी डिकी उघडून गालिचा उचलणार.