शब्द हवाय: 'कल्चरली सेफ ट्रॉमा हीलिंग'

मेघना_मेलबर्न:
नमस्कार मंडळी. इथे ऑस्ट्रेलियात डेकेअर आणि शाळांमधे बऱ्याच मराठी बायका काम करतात, त्यांच्यासाठी ॲबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवाशांची) मुलं आणि त्यांच्या घरच्यांशी कसं वागावं याचं चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचंय. हातात आलेल्या मसुद्यात 'सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित आघात-उपचार' असं आहे. मैत्रिणीने वाचून विचारलं, म्हणजे मुलांना संस्कार द्यायचे का? अर्थ पार उलटा झाला. 'कल्चरल सेफ्टी' ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडली आणि त्यातला गाभा हा की वागणूक सुरक्षित होती का ते मदत करणारा ठरवत नाही, ज्याला मदत मिळते तो ठरवतो. हे मराठीत थोडक्यात कसं आणायचं?

शब्दप्रेमी_सातारा:
'आघात' अजिबात सोडू नका. आ + हन्, म्हणजे मारणे, ठोका देणे. अनाहत नादातलं 'अनाहत' त्याच धातूतलं. इतका अर्थवाही शब्द असताना ट्रॉमा कशाला? हवं तर 'मनोघात' करा. मुळात सगळ्यांनीच इंग्रजी शब्द तसेच उचलले तर मराठीत नवा शब्द घडणार कधी?

नलूमावशी:
अहो पण आघात म्हटलं की आमच्या सासूबाईंना पक्षाघातच आठवायचा. गावाकडे पोर रात्री दचकून उठायला लागलं, जेवेना, आईचा पदर सोडेना, की 'पोराने धसका घेतलाय' म्हणायचे. हा शब्द कुणालाही कळतो.

शब्दप्रेमी_सातारा:
मावशी, धसका एका प्रसंगाचा असतो. इथे पिढ्यांचं आहे. ऑस्ट्रेलियात सरकारने ॲबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेली, त्यावरच्या १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाचा अंदाज असा की १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं नेलं गेलं. आज जे मूल डेकेअरमधे आहे त्याच्या पणजीचं झालेलं, त्याला धसका कसा म्हणणार?

नलूमावशी:
धसका बसतो एकालाच पण धास्ती अख्ख्या घरात राहते ना. सरकारी गाडी येताना दिसली की आया पोरांना झाडीत लपवायच्या असं मी वाचलंय. अशी लपलेली पोर पुढे आई झाली तर ती दारावर कुणी थाप मारली की काय करेल? आणि ते बघत वाढलेलं तिचं लेकरू?

पराग_वि:
माझा आक्षेप 'सुरक्षित' वर आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलं नेली ती संरक्षणाच्याच नावाखाली. न्यू साउथ वेल्सच्या १९०९ च्या कायद्याचं नाव ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन ॲक्ट, मंडळाचं नाव प्रोटेक्शन बोर्ड, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर अधिकाऱ्याचं पदच चीफ प्रोटेक्टर. अशी नेलेली मुलं ठेवायच्या किंचेला बॉइज होममधे मुलांना नाव नाही, नंबर होता. नंबरने हाक मारायचे, आपली भाषा बोललं की शिक्षा. अशा घरातल्या आजीसमोर 'आम्ही सुरक्षा देतो' म्हणायचं? मी 'निर्धास्त' सुचवेन. मूल आणि त्याची माणसं निर्धास्त असतील अशी मदत. निर्धास्त आहे की नाही हे ज्याचं त्यालाच कळतं, म्हणजे रॅम्सडेनबाईंचा मुद्दाही आला.

शब्दप्रेमी_सातारा:
निर्धास्त फार घरगुती वाटतं, अधिकृत कागदात शोभणार नाही. शिवाय 'सांस्कृतिक' गळलं की.

पराग_वि:
घरगुती आहे म्हणूनच पाहिजे सर. पत्रक वाचणार कोण, भाषा संचालनालय का डेकेअरमधली ताई?

वारली_पट्टा:
ॲबोरिजिनलला मसुद्यात काय लिहिलंय ताई, आदिवासी का? इथे पालघरला तो आम्ही स्वतःसाठी अभिमानाने वापरतो, पण तिकडच्या माणसांना आपलं नाव आपण द्यायचं का हे बघा. आणि मुलं तोडणं आपल्याकडेही कायद्यात होतं. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याला १८९७ ला दुरुस्ती झाली त्यात मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची सोय होती. कायदा गेला १९५२ ला, 'विमुक्त' शब्द तेव्हापासूनचा. त्या तांड्यावरच्या माणसांना विचारा हीलिंगला काय म्हणतात, ते 'उपचार' नक्की म्हणणार नाहीत.

मेघना_मेलबर्न:
आदिवासी नाही, ॲबोरिजिनलच ठेवलंय आणि जिथे माहीत आहे तिथे त्या त्या समाजाचं नाव. उपचार मलाही खटकतंय. उत्तर ऑस्ट्रेलियात डेली रिव्हरच्या ॲबोरिजिनल समाजातल्या मिरियम-रोज उन्गुनमर-बाउमन 'दादिरी' बद्दल सांगतात, शांत बसून खोलवर ऐकणं. पत्रकात तेच आहे, मुलाला खोदून विचारू नका, नजरेला नजर दे म्हणून हट्ट धरू नका, गप्प बसलं तर बसू दे. याला श्रवण म्हणू?

नलूमावशी:
श्रवण कीर्तनात. इथे 'ऐकून घेणं'. ऐकणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. आणि हीलिंगला 'सावरणं' घे, जो सावरतो तो स्वतः सावरतो, आपण फक्त हात देतो.

शब्दप्रेमी_सातारा:
सावरणे म्हणजे तोल सांभाळणे. जखम भरून येणं त्यात नाही.

मेघना_मेलबर्न:
अजून एक अडलंय. बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत आईची बहीणही आईच असते, मूल तिलाही आईच म्हणतं. मुलाला घराबाहेर ठेवायची वेळ आली तर आधी असे नातेवाईक, मग समाजातली माणसं, असा क्रम इथल्या बालकल्याणाच्या नियमांत आहे. मसुद्यात या बाईला 'इतर नातेवाईक' म्हटलंय.

नलूमावशी:
इतर कसली! माय मरो मावशी जगो म्हणतो ना आपण. मावशीच लिही.

शब्दप्रेमी_सातारा:
मावशी हा मातृष्वसा वरून आलाय, आईची बहीण. म्हणजे आई वेगळी, मावशी वेगळी. तिथे भेदच नाही, तर मावशी लिहून तुम्ही तो भेद आत घालताय.

वऱ्हाडी_आशू:
आमच्या इकडे बापाच्या मोठ्या भावाला मोठेबाबा अन् त्याच्या बायकोला मोठीआई म्हणतात. मी तर लहानपणी मोठीआईकडेच राहिलो. 'मोठीआई, धाकटीआई' असं का नाही लिहित?

शब्दप्रेमी_सातारा:
ते बापाकडचं नातं झालं. प्रमाण मराठीत चुलती.

वऱ्हाडी_आशू:
प्रमाण कोणाचं सर? आमच्या घरी चुलती म्हटलं असतं तर मोठीआईनं जेवायला वाढलं नसतं.

वारली_पट्टा:
आशूभाऊ बरोबर बोलला. मूल ज्या नावाने हाक मारतं तेच लिहा.

शब्दप्रेमी_सातारा:
मग प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पत्रक काढणार का?