अनुभव धागा: पदवीला ठरल्यापेक्षा जास्त वर्षं का लागली?

तीन वर्षांचं बीए, चार वर्षांचं बीई हे माहितीपत्रकात. प्रत्यक्षात कुणाची एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्षात), कुणाची वायडी (वर्षच वाया), कुणी मध्येच नोकरीला लागलेलं. ‘अभ्यास केला नाही’ म्हणून घरचे विषय मिटवतात, मला ते पटत नाही. वर्ष नेमकं कुठे अडकलं ते लिहा. कॉलेजचं नाव नको.

डिप्लोमावाला
माझं वर्ष एम-थ्रीनं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरनं खाल्लं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. बारावीवाले इंटिग्रेशन कोळून पिऊन, वर एम-वन, एम-टू देऊन बसलेले. सर लाप्लासवर पोचले तेव्हा मी अजून बाय पार्ट्‌समध्येच. वर्कशॉपला मात्र हीच पोरं माझ्याकडे यायची. आमच्याकडे नियम असा, की एसईचे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे, सगळे विषय सुटल्याशिवाय बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, प्रवेश नाही. म्हणजे टीई (तिसरं वर्ष) पूर्ण पास, आणि एका पेपरसाठी वर्षभर घरी. खोलीचं भाडं परवडेना म्हणून गावी आलो, तर जो भेटेल तो विचारायचा, ‘सुट्टी किती दिवस?’ शेवटी अकरावी-बारावीची पुस्तकं आणून पायापासून गणित केलं. प्रवेशाच्या वेळीच हे कुणी सांगायला काय हरकत होती?

बीड जिल्ह्यातून
आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. हिवाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. पहिली दोन वर्षं आजीजवळ राहून निभावलं. तिसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं आणि कोयता अर्धा पडला. कोयता म्हणजे जोडपं, हिशेब दोघांच्या कामाचा. उचल फेडायची तर आईच्या जागी कुणीतरी हवंच. मी गेले. हजेरी भरली नाही, परीक्षेचा फॉर्म राहिला. पुस्तकं नेली होती. पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, वाहून आणायच्या, गाडी रात्री कधीही भरायला येते. वाचणार कधी? पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परत आले तोवर मैत्रिणींची शेवटची परीक्षा तोंडावर. आजीनं स्थळं बघायला घेतली होती. मामांनी फी भरली म्हणून पुढच्या वर्षी बसता आलं. बीए झाले, आता बीएड करतेय.

धागाकर्ता
ताई, हे वाचल्यावर ‘वेळेचं नियोजन’ हे शब्द इथे सगळ्यांनी जपून वापरावेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मध्येच थांबून परत यायची सोय आहे, क्रेडिट जमा राहतात. चांगलंच आहे. पण उचल कोण फेडणार?

बीकॉम, उशिरा
रिव्हॅलचा (फेरतपासणीचा) निकाल पुढची परीक्षा देऊन झाल्यावर आला. त्यात मी आधीच पास होतो. बस, एवढंच.

अमेरिकेतून एक आई
इकडे चार वर्षांची पदवी पूर्ण होण्याचा अधिकृत दर सहा वर्षांत किती जण पूर्ण करतात यावरच मोजतात. लेक आधी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) होती. विद्यापीठात गेली तेव्हा काही क्रेडिट धरलीच नाहीत, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला. एक सेमिस्टर नोकरी करून फीची जुळवाजुळव केली. इथे कुणी भुवया उंचावल्या नाहीत. भारतातून फोन आला की मात्र पहिला प्रश्न तोच, ‘इतकी वर्षं का?’

अजून बीईतच
कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट असते: बॅकलॉग (राहिलेले विषय) नको, गॅप नको. म्हणजे वर्ष गेलं ते गेलंच, वर दारही बंद. माझा एम-टू बाकी आहे. डिप्लोमावाले दादा, मल्टिपल इंटिग्रल कुठून केलंत ते जरा लिहा ना, परीक्षा मे महिन्यात आहे.