‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून किती सोडून द्यायचं?

रावपुऱ्याची लेक:
काल इथे एकांनी लिहिलं, “जुन्या प्रेमकादंबऱ्यांतलं निर्मळ प्रेम आता कुणी लिहीत नाही.” वाचून राहवलं नाही. १९८३ साली, अकरावीत, तीसच्या दशकातली अशीच एक कादंबरी मी परीक्षेच्या आदल्या रात्री संपवली होती. लेखकाचं नाव घेत नाही, नाहीतर सगळे त्याचाच कैवार घेत बसतील. नायक चित्रकार, नायिका गाणं शिकणारी. ती दोनदा नाही म्हणते. तो तिच्या भावाला पत्र लिहून तिचं ठरलेलं लग्न मोडतो, भर पावसात खिडकीखाली उभा राहतो, तापाने फणफणतो. मग ती रडत रडत हो म्हणते. तेव्हा मीही रडले होते.

गेल्या महिन्यात वाचनालयातून पुन्हा आणली. ते पत्र मला तेव्हा शौर्य वाटलं होतं! लग्न मोडलेल्या मुलीचं गावात काय झालं असेल, यावर लेखकाची एक ओळ नाही. शेवटच्या पानावर तिचा तंबोरा गवसणीत जातो तो कायमचा. इतकी वर्षं मी हे पुस्तक भाच्यांना, मैत्रिणींच्या मुलींना ‘वाचाच’ म्हणून सांगत आले. फार वाईट वाटलं. पत्राच्या पानावर समासात कुणीतरी बारीक बायकी अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, “हिला कुणी विचारलं?”

मांजलपूरकर:
ताई, नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आजची फूटपट्टी कशाला? त्या काळी तसंच होतं. मुलीला पसंती विचारतंय कोण! आपणहून प्रेमात पडणं हेच तेव्हा धाडस होतं. फडक्यांच्या कादंबऱ्या घराघरांत उशीखाली दडवून वाचल्या जायच्या, उगाच नाही. माझी आणि हिची ओळख अशीच पुस्तकं एकमेकांना देता-घेता झाली. ४१ वर्षं झाली संसाराला. ते काय खोटं?

रावपुऱ्याची लेक:
तुमच्या संसाराबद्दल मी अक्षर काढलेलं नाही. पण ‘त्या काळी’ म्हणजे कुठल्या काळी? लिहिताय बडोद्यात बसून! बालविवाहाविरुद्धचा कायदा इथे, सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात, १९०४चा. हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९३१चा; देशभरासाठी तो यायला १९५५ उजाडलं. सयाजीरावांच्या पत्नी चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या. विभावरी शिरूरकरांचा कथासंग्रह ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३चा. बायका बोलत होत्या, लिहीत होत्या. त्या लेखकाने ऐकलं नाही.

जुना ग्रंथपाल:
कादंबरी राहू द्या बाजूला. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचं कौतुक कसलं करता? एकतीस वर्षं नोकरी केली मी, हातात खोडरबर घेऊन. जुना कागद जरा घासला की फाटतो. १९१० पासून सयाजीरावांनी वाचनालयं उभी केली, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत पाठवली, ती लोकांनी वाचावीत म्हणून. गिरवायला पाटी म्हणून नाही.

वाडीची सून:
काका, माझ्या सासूबाईंचं सांगते. चौदा माणसांचं घर, सासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नाही. दुपारी मागचं आवरलं की ओट्याशी बसून वाचायच्या, हातात वाण्याच्या हिशेबाची पेन्सिल. त्या गेल्यावर ट्रंकेत सात-आठ कादंबऱ्या निघाल्या. नायकाच्या वाक्यांशेजारी “खोटं”, “खोटं”, आणि एका ठिकाणी “हे खरं”. आम्ही त्यांना पंचवीस वर्षांत एकदाही मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तुम्ही खोडलंत त्यातही असं कुणाचं असेल.

जुना ग्रंथपाल:
त्यांचं पुस्तक स्वतःचं होतं, हा फरक आहे की नाही? डोळ्यांत पाणी आणून नियम गुंडाळू नका. उद्या कुणी आवडलेलं पान फाडून नेईल, त्यालाही मन मोकळं करणंच म्हणणार का?

वाडीची सून:
फाडणं आणि लिहिणं एक? पुस्तकं जपलीत, मान आहे. पण वाचणाऱ्या बाईबद्दल असं बोलायचं कारण नव्हतं.

मांजलपूरकर:
अहो, धागा कशावर होता! असो. रात्री हिला तो पत्राचा प्रसंग सांगितला. म्हणाली, “माझ्या दादाला तुम्ही असलं पत्र लिहिलं असतंत तर मी विहीर जवळ केली असती.” मी गप्प बसलो. तेव्हा पत्राचं सोडून देतो, तुमचं म्हणणं बरोबर. पावसातलं प्रकरण मात्र मला अजून आवडतं, त्यावर वाद नको.

जुना ग्रंथपाल:
पेन्सिल असेल तर खोडायच्या आधी वाचायला हवं होतं. एवढं कबूल. पेनाने लिहिणाऱ्याला माफी नाही.

रावपुऱ्याची लेक:
सोमवारी पुस्तक परत करतेय. तंबोऱ्याच्या पानावर समास कोरा आहे, तो तसाच ठेवलाय. मांजलपूरकर, पाऊस आवडतो म्हणता, तर ते पान पुन्हा एकदा काढा. बाहेर तो भिजतोय, यावर चार पानं आहेत. आत ती कशासाठी रडत होती, ते कुठे सापडतं का बघा आणि मला सांगा.