बाबांच्या ईपीएस-95 पेन्शनमधून (पीएफसोबत मिळणारी पेन्शन) आईच्या हाती काय राहील?

नमस्कार. बाबा मार्चमध्ये 58 पूर्ण करून चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त होतायत. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून पंचविसेक लाख येतील. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा महिना 15,000, आणि सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीला 6,500, त्यामुळे पेन्शनचा हिशेब महिना साडेचार हजारांच्या आसपास येतोय.

बाबांच्या माघारी आईला त्याच्या निम्मं, म्हणजे सव्वादोन हजार. महागाई भत्ता नाहीच. शेजारच्या काकूंचे यजमान राज्य सरकारी नोकरीत होते. काकूंना शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के, वर महागाई भत्ता. आई (वय 55) धरून चाललीय की आपल्यालाही तसंच मिळणार. तिला खरा आकडा अजून कोणी सांगितलेला नाही.

काका म्हणतात, गावाकडे प्लॉट घ्या. मला ते पटत नाही, प्लॉट दर महिन्याला किराणा भरत नाही. आईला नियमित पैसे मिळतील असं काय करावं? शिवाय पीएफच्या नोंदीत तिचं सासरचं नाव आहे आणि आधारवर माहेरचं. पुढे अडेल का?

प्रतिसाद १
प्लॉट नकोच. सीनियर सिटिझन स्कीम 60 नंतर असते, पण निवृत्त झालेल्याला 55 नंतरही चालते. अट अशी, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. लोक एफडीत टाकून निवांत बसतात आणि मुदत निघून जाते. 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर तिमाहीला 30,750 येतात.
उरलेल्यातले 9 लाख पोस्टाच्या एमआयएसमध्ये (मासिक उत्पन्न योजना) आईच्या एकटीच्या नावावर टाका. तिथे 60 ची अट नाही. 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550, थेट तिच्या खात्यात. व्याजदर प्रत्येक तिमाहीला बदलू शकतात, पण एकदा पैसे भरले की पाच वर्षं तोच दर.
बाबा 60 पर्यंत थांबू शकत असतील तर पेन्शन पुढे ढकलता येते, वर्षाला 4 टक्के वाढते.

प्रतिसाद २
नावाचं आधी बघा! विधवा पेन्शनचा अर्ज आईलाच करावा लागणार, आणि तेव्हा कागद जुळवून द्यायला बाबा नसतील. बाबा नोकरीत आहेत तोवर एचआरमार्फत दुरुस्ती सोपी जाते. ई-नॉमिनेशनही (पीएफची ऑनलाइन वारस नोंद) आत्ताच करून टाका.

धागाकर्ती
तीन महिन्यांचं माहीतच नव्हतं, आभार. पण दुरुस्ती कुठे करू? आईचं पॅन आणि बँक खातं दोन्ही माहेरच्याच नावावर आहेत.

प्रतिसाद २
मग पीएफमधलंच बदला, एकाच ठिकाणी काम. लग्नाचा दाखला नसेल तर नाव बदलाचं गॅझेट (सरकारी राजपत्रातली नोंद) लागू शकतं, त्याला वेळ जातो. मार्चची वाट बघू नका.